सगळ्यांनी सही केली, तरी काम अडलंच

«ताई, नमस्कार. 7 वर्षं खासगी सॉफ्टवेअर कंपनीत काढून मी गेल्या वर्षी एका नगरपालिकेच्या संगणक विभागात टेक्निकल बिझनेस ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे कार्यालयाच्या गरजा समजून त्या डेव्हलपरपर्यंत नेमक्या पोचवायच्या कामावर, रुजू झाले. पहिलंच काम मालमत्ता कराच्या नव्या प्रणालीचं. 4 महिने विभागप्रमुखांच्या बैठका घेऊन 140 पानांचा रिक्वायरमेंटचा, म्हणजे प्रणालीने काय काय करायला हवं याचा, दस्तऐवज केला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आता चाचणीसाठी काउंटरवरच्या लोकांना बसवलं, तर ते पहिल्याच दिवशी म्हणाले, 'यात आमचं काम होणार नाही.' प्रणाली बनवणारी कंपनी म्हणते, सही झालेली आहे, बदल हवा तर वेगळे पैसे. विभागप्रमुख म्हणतात, कागदावरचा फॉर्म जसाच्या तसा स्क्रीनवर आणा, एवढंच तर सांगितलं होतं. एक ज्येष्ठ लिपिक आहेत, 2 महिन्यांनी निवृत्त होतील, ते प्रत्येक गोष्टीत खोडा घालतात. डेव्हलपर मला तांत्रिक समजत नाहीत, कार्यालयातले लोक मला आपलं समजत नाहीत. परत खासगीत जाऊ का? – अधांतरी»

अधांतरी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आत्ता जाऊ नका. चाचणीच्या पहिल्या दिवशी तुम्हाला जे ऐकावं लागलं, ते ऐकल्याशिवाय या कामात कुणीच तयार होत नाही. तुम्हाला ते प्रणाली सुरू होण्याआधी ऐकायला मिळालं, हे चांगलंच झालं. मला ते नंतर ऐकावं लागलं होतं.

आधी त्या सह्यांचं बघू. सही कुणी केली? विभागप्रमुखांनी. त्यांना काम नियमाप्रमाणे कसं चालायला हवं ते नीट माहीत असतं, आणि त्यांनी तेच प्रामाणिकपणे सांगितलं. काउंटरवरच्या माणसाला काम रोज कसं चालतं ते माहीत असतं. तुमच्या 140 पानांत पहिलं पूर्ण आलं आणि दुसरं आलंच नाही. सही करणाऱ्यांनी तुम्हाला फसवलेलं नाही आणि चाचणीला बसलेल्यांनी आडमुठेपणाही केलेला नाही.

मी बरीच वर्षं हेच काम केलं. एका नगरपालिकेत मालमत्तांची जुनी नोंदवही संगणकावर आणायची होती. कापडी पुठ्ठ्याची, दोन हातांनी उचलावी लागणारी वही. काही नावांच्या बाजूला समासात पेन्सिलीने एक बारीक फुली होती. मी अधिकाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "जुन्या खुणा आहेत, सोडून द्या." मी सोडून दिल्या. आमच्या स्क्रीनवर पेन्सिलीच्या फुलीसाठी रकानाच नव्हता. पहिली बिलं निघाली आणि आठवड्याभरात एक गृहस्थ हातात बिल नाचवत काउंटरवर आले. मालमत्तेवरून दोन भावांचा वाद कोर्टात होता. आमच्या प्रणालीने अर्ज आला म्हणून एका भावाचं नाव लावलं होतं आणि त्याने ते बिल मालकीचा पुरावा म्हणून कोर्टात दिलं होतं. हे आलेले दुसरे भाऊ. फुलीचा अर्थ असा होता: वारसांत वाद आहे, नाव बदलू नये, बिल जुन्याच नावाने काढावं. तो दिवस काउंटरवरच्या बाईंनी शिव्या खाण्यात घालवला. चूक माझी होती, आणि ती अजून मला बोचते. वहीत कोणकोणते रकाने आहेत, एवढंच मी विचारलं होतं. ही खूण दिसली की तुम्ही काय करता, हे विचारलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे की 'तुम्हाला काय हवंय?' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्याचं उत्तर लोक चांगल्या मनाने पण अंदाजाने देतात. त्याऐवजी काउंटरच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसा आणि म्हणा, "शेवटचं अडलेलं प्रकरण दाखवा." सरळ चाललेली प्रकरणं सगळीकडे सारखीच असतात. अडलेल्या प्रकरणाची फाइल उघडली की खरी रीत समोर येते: ती कुठे थांबली, कुणाला फोन केला, कोणत्या कागदाला 'चालेल' म्हटलं आणि कोणत्याला नाही. टेबलाच्या काचेखाली सरकवलेली चिठ्ठी बघा. कुणीतरी स्वतःपुरती ठेवलेली एक्सेल फाइल बघा. ड्रॉवरमधली छोटी डायरी दाखवायला सांगा. लिहून न दिलेल्या गरजा तिथे सापडतात. तुमची प्रणाली सुरू झाल्यावरही ती डायरी चालूच राहिली, तर खरी प्रणाली डायरीच असेल.

इथे बसल्यावर प्रत्येक पायरीला एक प्रश्न लावा: हे कशात लिहिलंय? कायद्यात, नियमांत, सभेच्या ठरावात, एखाद्या परिपत्रकात, की ही नुसती वहिवाट आहे? तुमच्या दस्तऐवजात प्रत्येक गरजेपुढे हा एक रकाना वाढवा आणि जिथे आधार आहे तिथे कलम किंवा ठरावाचा क्रमांक लिहा. खासगीतून आलेल्या माणसाला याची सवय नसते. तिथे प्रॉडक्टचा मालक म्हणाला की पायरी काढली जाते. इथे कायद्यातली पायरी विभागप्रमुखांनाही काढता येत नाही, ठरावातली पायरी सभेनेच काढायची असते, परिपत्रकातली ज्याने ते काढलं त्याच्या सहीने जाते. वहिवाट मात्र चर्चेने बदलू शकते. समजा, मालमत्तेवर नाव बदलायला 7 सह्या लागतात. तुम्ही मुळाशी गेलात की दिसेल, नियमात अर्ज, पुरावा, हरकतींची मुदत आणि एका अधिकाऱ्याचा आदेश एवढंच आहे. दोन सह्या जुन्या एखाद्या घोटाळ्यानंतरच्या परिपत्रकाने आल्या आणि उरलेल्या 'आधीपासून आहे' म्हणून आहेत. हा तक्ता घेऊन तुम्ही बैठकीत बसलात, तर 'हे बंद करा' असं म्हणावंच लागत नाही. समोरचा स्वतः विचारतो, "मग ही सही कशाला?"

एक सावधगिरी मात्र बाळगा. वहिवाट म्हणजे कचरा असं समजू नका. माझी पेन्सिलीची फुली कुठल्याच नियमात नव्हती, आणि तिनेच कित्येक कुटुंबांना गैरवापरापासून वाचवलं होतं. वहिवाट काढण्याआधी ती कुठल्या प्रसंगातून आली हे एकदा विचारायचंच.

आता 'फॉर्म जसाच्या तसा स्क्रीनवर आणा' या आग्रहाकडे येऊ. विभागप्रमुखांना याचा राग येईल अशा शब्दांत सांगू नका, कारण त्यांची भीती खरी आहे: फॉर्म बदलला आणि काही सुटलं तर लेखापरीक्षणात उत्तर त्यांना द्यायचंय. त्या फॉर्मची एक प्रत घ्या आणि त्यांच्यासोबत बसून प्रत्येक चौकटीपुढे लिहा: ही माहिती फक्त नागरिकालाच ठाऊक आहे, की ती आपल्याच दुसऱ्या विभागाकडे आहे, की भरल्यानंतर ती कुणीच वाचत नाही? माझ्या अनुभवात तिसऱ्या गटातल्या चौकटी बघून विभागप्रमुखच आधी गप्प होतात आणि मग स्वतः पेन उचलतात.

दुसरा गट महत्त्वाचा. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी 1968 मध्ये लिहून ठेवलं होतं की एखादी संस्था जी प्रणाली बनवते, तिची रचना त्या संस्थेतल्या बोलाचालीसारखीच होते. नगरपालिकांत हे ढळढळीत दिसतं. मृत्यूची नोंद एका मजल्यावर होते आणि त्याच माणसाच्या नावाने कराचं बिल दुसऱ्या मजल्यावरून निघत राहतं. दोन्ही विभाग आपापलं काम चोख करतात, फक्त ते एकमेकांशी बोलत नाहीत. एस्टोनियाने 2001 पासून एक्स-रोड ही देवाणघेवाणीची व्यवस्था चालवून दाखवलं की सगळा डेटा एका ठिकाणी न ओतताही कार्यालयं एकमेकांना विचारू शकतात. तुम्हाला एवढं मोठं काही उभारायचं नाही. पण मृत्यू नोंदणीतून करविभागाकडे एक सूचना जावी, तिने नाव आपोआप न बदलता फक्त त्या खात्यावर 'तपासा' अशी खूण यावी, एवढं मांडायचं काम तुमचंच आहे. दोन्ही विभागांत अधिकाराने फिरणारी व्यक्ती बहुतेक तुम्ही एकट्याच असाल. माहिती द्यायला-घ्यायला कायदेशीर आधार आहे का, ते विधी विभागाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर विभागांमधली माहिती फिरवू नका.

जुनी पद्धत जशीच्या तशी नव्या प्रणालीत कोंबण्याचा धोका विभागप्रमुखांना समजावायला एक उदाहरण जवळ ठेवा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलने एप्रिल 2022 मध्ये हिशेबासाठी सॅप या कंपनीची प्रणाली सोडून ओरॅकल या कंपनीची सुरू केली. बँकेच्या ताळमेळाचा भाग त्यांनी आपल्या पद्धतीप्रमाणे बदलून घेतला होता. सुरू झाल्यावर तोच नीट चालेना आणि कौन्सिलला स्वतःचा हिशेब धड लावता येईना. सप्टेंबर 2023 मध्ये कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सेवा सोडून नवा खर्च बंद. समान वेतनाच्या दाव्यांचा बोजा त्यामागे मोठा होता, पण ओरॅकलचा वाढलेला खर्चही त्यात होता. हे घाबरवायला सांगू नका. मूळ प्रणालीत आपण किती कापाकापी मागतोय याची यादी करून, त्या यादीखाली हे उदाहरण सांगा.

डेव्हलपर तुम्हाला तांत्रिक समजत नाहीत, हे वाक्य तुम्ही जरा दुखावून लिहिलंय. त्यांच्याशी कोडवरून बोलायला जाऊ नका, डेटावरून बोला. जुन्या प्रणालीतला डेटा वाचण्यापुरता मागून घ्या, एसक्यूएल, म्हणजे डेटाला प्रश्न विचारायची भाषा, उघडा आणि स्वतः मोजा. किती मालमत्तांना मालकच नाही? एकाच क्रमांकाची दोन खाती किती? 1 जानेवारी 1900 ही तारीख किती ठिकाणी आहे? ती तारीख दिसली की समजा, तिथे कुणीतरी रिकामी जागा सोडली होती आणि यंत्राने ती आपल्या मनाने भरली. हे आकडे कुणाच्याच बैठकीत येत नाहीत आणि प्रकल्प कोसळतात ते यांच्यामुळेच.

मग मालमत्ता क्रमांकाकडे बघा. मला जवळजवळ खात्री आहे की त्याच्या सुरुवातीचे आकडे वॉर्डाचे असतील. वाचायला सोयीचं, पण वॉर्डांच्या हद्दी बदलल्या की क्रमांक बदलतो. मग जुन्या पावत्या, कोर्टाचे आदेश, पाण्याची जोडणी, सगळ्यांचे धागे तुटतात. क्रमांकात अर्थ भरला की तो अर्थ बदलतो तेव्हा क्रमांक मोडतो. आत एक अर्थहीन, कायमचा क्रमांक हवा. वॉर्ड आणि जुना क्रमांक हे त्याच्याशी जोडलेले, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असे. मालकाचंही तसंच. 'मालकाचं नाव' असा एकच रकाना असेल तर दोन भावांचं प्रकरण त्यात बसणारच नाही. मालकी हा तारखांसकट वेगळा तक्ता आहे: कोण, किती हिश्शाने, केव्हापासून, कोणत्या आदेशाने, आणि वाद असल्यास त्याची नोंद. हद्दी बदलण्याची पुढची वेळ डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही डेव्हलपरला विचारा, "त्या दिवशी ही 'की', म्हणजे हा ओळख क्रमांक, मोडेल, तेव्हा 5 वर्षांच्या पावत्या कशा जोडणार?" तुमचं तांत्रिक असणं त्यांना वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

नावं जुळवताना मात्र घाई करू देऊ नका. एकच माणूस तीन विभागांत तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. कंपनी म्हणेल, अल्गोरिदम लावून एकत्र करतो. उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या साउंडेक्सचं पेटंट 1918 चं, आणि ते इंग्रजी नावांसाठी घडवलेलं आहे. नवी तंत्रं त्याहून बरीच चांगली आहेत, पण ती 'बहुधा हाच' एवढंच सांगतात. यंत्राने जोड्या सुचवाव्यात, जोडण्याचा आदेश माणसाने द्यावा, आणि जोडलेलं पुन्हा सोडवता यावं. जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासायला वेळ राखून ठेवा. हा वेळ कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नसतो.

प्राधान्य ठरवताना तुम्ही खासगीत मस्ट, शुड, कुड, वोन्ट (हवंच, असावं, असलं तर बरं, यावेळी नाही) अशी गरजांची वर्गवारी वापरत असाल. इथेही वापरा, पण 'वोन्ट'मध्ये माणसांना टाकू नका. कंपनी ठरवू शकते की अमुक प्रकारचा ग्राहक आपला नाही. नगरपालिकेला तसं म्हणायची मुभा नाही. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याला दिसत नाही, ज्याला वाचता येत नाही, त्या प्रत्येकाचं काम झालंच पाहिजे. सुगम्यतेसाठी, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठी, डब्ल्यूसीएजीचे आंतरराष्ट्रीय निकष निविदेत असतील तर ते चाचणीतही आहेत का बघा, आणि स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून एकदा स्वतः अर्ज भरा. निम्म्या वाटेवर अडकलात की तो मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता कंपनी. काउंटरवरून आलेल्या सगळ्या तक्रारींचे तीन ढीग करा: लिहिलं होतं पण तसं चालत नाही, लिहायचं राहिलं, आणि आता नव्याने सुचलं. पहिल्या ढिगासाठी एक पैसाही द्यायचा नाही, तो बिघाड आहे. तिसरा ढीग सरळ पुढच्या टप्प्यात ढकला, त्यासाठी भांडू नका. दुसरा ढीग आपला आहे, आणि तो आपला आहे हे तुम्ही स्वतः वरिष्ठांना लेखी सांगा: काय सुटलं, का सुटलं, आत्ता घेतलं तर काय लागेल, न घेतलं तर काउंटरवर काय होईल. हे पत्र लिहिताना हात जड होतो, मला माहीत आहे. पण सुरू होण्याआधी दिलेलं असं पत्र प्रकल्प वाचवतं. सुरू झाल्यानंतर तेच पत्र चौकशीच्या फाइलला लागतं. त्यासोबत करारनामा स्वतः वाचा, सारांश नको. स्वीकृतीचे निकष कुठे आहेत, जुना डेटा आणण्याची जबाबदारी कुणाची, 'बदल' कशाला म्हणायचं, हे तिथेच असतं.

आणि पुढची चाचणी स्क्रीनवर नको, प्रकरणांवर घ्या. काउंटरवर बसून जमवलेली 20 अडलेली प्रकरणं नावं-पत्ते काढून लिहा. उदाहरणार्थ: एका मालमत्तेचे दोन वारस आहेत, वाद कोर्टात आहे, एकाने नाव लावायचा अर्ज केला, अर्ज नोंदवला जावा, पोच मिळावी, खात्यावर वाद असल्याचं दिसावं, नाव बदलू नये, बिल जुन्याच नावाने निघावं. एवढ्या चार ओळी तुमच्या 140 पानांपेक्षा कंपनीला जास्त कळतील. बीपीएमएनची, म्हणजे कामाच्या पायऱ्या ठरावीक खुणांनी दाखवणारी, चित्रं काढा, ती कंपनीसाठी लागतात, पण काउंटरवरच्या लोकांपुढे त्यांचीच फाइल ठेवा. ही 20 प्रकरणं पार पडल्यावर एक पूर्ण बिलाचा हंगाम जुनी आणि नवी प्रणाली शेजारी शेजारी चालवा, आणि एकूण मागणीत जो फरक येईल त्यातला शेवटचा रुपयासुद्धा समजल्याशिवाय जुनी बंद करू नका. वर्षअखेरीला किंवा निवडणुकीच्या तोंडावर सुरू करायची तारीख कुणी दिली, तर तिथे ठाम राहा. लोकप्रतिनिधींचे फोन येतील. त्यांना तारखा खऱ्या सांगा, गोड सांगू नका.

'आपलं समजत नाहीत' याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते बैठकांनी सुटत नाही. तुम्ही काउंटरच्या आत बसून गर्दीच्या दिवशी दोन तास टोकन वाटलेत, तर तुमची ओळख बदलेल. हा डाव म्हणून करू नका, लोकांना तो लगेच कळतो. तुम्हाला खरंच बघायचं असेल तर करा.

राहिले ते ज्येष्ठ लिपिक. तुम्ही लिहिता, ते प्रत्येक गोष्टीत खोडा घालतात. त्यांनी घातलेले खोडे मला एका कागदावर लिहून पाठवता आले असते तर बरं झालं असतं, कारण मला वाटतं, त्यातला जवळजवळ प्रत्येक खोडा म्हणजे एक अडलेलं प्रकरण असणार. 'हे असं चालणार नाही' असं ते म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी एक माणूस उभा असतो, जो एकदा काउंटरवर रडला होता किंवा ओरडला होता. 4 महिन्यांच्या बैठकांत त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि आता तयार स्क्रीन दाखवून 'कसं वाटतं' विचारलं. त्यांच्या जागी मीही खोडाच घातला असता.

त्यांच्या निवृत्तीला 8 आठवडे आहेत. साहेबांकडून त्यांचा रोज एक तास लेखी मागून घ्या, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या कामातून तो वजा होईल. लॅपटॉप नेऊ नका, वही न्या. जुन्या नोंदवह्या त्यांच्यासमोर ठेवा, पान पान उलटा, आणि समासात जिथे काही खूण दिसेल तिथे बोट ठेवून विचारा, "काका, ही कशाची?"